अर्ली डिसिजन: ब्राउन की कॉर्नेल? सही एकदाच करायची आहे

शेवंती (७ ऑक्टोबर)

सर्वांना नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आमची मुलगी यंदा बारावीत असून तिला अर्ली डिसिजनचा अर्ज १ नोव्हेंबरच्या आत करायचा आहे. हा अर्ज एकाच विद्यापीठाला करता येतो आणि तिथे निवड झाली तर बाकीचे सगळे अर्ज मागे घेऊन तिथेच जावे लागते, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. भारतातून वाचणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिले. आमच्याकडे ब्राउन आणि कॉर्नेल ही दोनच नावे उरली आहेत आणि गेले दोन महिने त्यांतले एक काही केल्या गळत नाही.

मुलीविषयी थोडे सांगते. माझे माहेर जालना जिल्ह्यातले. वडिलांची मोसंबीची बाग आहे, थोडा कापूस आहे. इथल्या शाळांना सुट्टी असते तेव्हा तिकडे पेरण्या चाललेल्या असतात, त्यामुळे मुलीने लहानपणापासून प्रत्येक भारतभेटीत शेत पाहिले ते तिफणीच्या मागे चालतच. वनस्पतींचे आनुवंशशास्त्र हा तिचा एक ओढा. दुसरा ओढा भाषाशास्त्राचा. आजोबांच्या बोलण्यातले मराठवाडी शब्द ती एका वहीत टिपून ठेवते आणि तोच शब्द पुण्याच्या आत्याच्या तोंडी कसा बदलतो, हेही शेजारी लिहिते. या दोन गोष्टींतली कोणती खरी आणि कोणती हौसेची, हे तिला अजून सांगता येत नाही, आणि सतराव्या वर्षी ते सांगता यावे अशी माझी अपेक्षाही नाही.

माझा कल ब्राउनकडे आहे, कारण तिथे आल्याआल्या काही ठरवावे लागत नाही. यजमानांचा कल कॉर्नेलकडे आहे. ते मोठे विद्यापीठ, जागा जास्त, म्हणून संधी जास्त, असा त्यांचा हिशेब. मुलगी म्हणते, दोन्ही आवडतात, तुम्हीच सांगा. खरे सांगायचे तर मला भीती वाटते ती तिच्या या उत्तराची.

---

हिशेबी माणूस (७ ऑक्टोबर)

शेवंतीताई, दोन मुलांची ही प्रक्रिया पार पाडलेला बाप म्हणून सांगतो: ब्राउन की कॉर्नेल हा प्रश्न दुसरा आहे. अर्ली डिसिजन करायचे की नाही हा पहिला, आणि त्याचे उत्तर मुलीने द्यायचे नसून तुम्ही दोघांनी द्यायचे आहे.

दोन्ही ठिकाणी शिकवणी, राहणे आणि जेवण मिळून वर्षाचा खर्च आता ९० हजार डॉलरच्या वर आहे. दोन्ही विद्यापीठे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत, केवळ कुटुंबाच्या गरजेप्रमाणे मदत देतात, आणि ती गरज तेच ठरवतात. आपल्यातल्या पुष्कळ घरांचे उत्पन्न असे असते की मदत मिळण्याइतके ते कमी नसते आणि सहज भरता येईल इतके जास्तही नसते. तेव्हा आजच रात्री दोन्ही विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरील नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता प्रत्यक्ष किती खर्च पडेल ते सांगणारा तक्ता, भरा. खरे आकडे घाला, अंदाज घालू नका.

त्यात आपली माणसे हमखास एक गोष्ट विसरतात. तुमचे राहते घर आणि ४०१-के या निवृत्तीच्या खात्यातील शिल्लक आर्थिक मदतीसाठीच्या सरकारी फाफ्सा अर्जात मोजली जात नाही. पण राहत्या घराव्यतिरिक्त इतर स्थावर मालमत्ता मोजली जाते, मग ती पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट का असेना. ही दोन्ही विद्यापीठे फाफ्साशिवाय सीएसएस प्रोफाइल नावाचा मदतीचा आणखी एक अर्जही मागतात आणि त्यातले प्रश्न अधिक खोलात जातात. आम्ही भारतातल्या एका फ्लॅटचा विचारच केला नव्हता, आणि कॅल्क्युलेटरने दिलेला आकडा व नंतर हाती आलेला आकडा यांत जे अंतर पडले त्याने आमची एक रात्र झोपेविना गेली.

आणखी एक. रेग्युलर, म्हणजे नंतरच्या बंधन नसलेल्या फेरीत चार ठिकाणी निवड झाली तर मार्चअखेर चार देकार समोर ठेवून तुलना करता येते आणि एकाचा देकार दाखवून दुसऱ्याकडे फेरविचार मागता येतो. अर्ली डिसिजनमध्ये तुमच्या हातात एकच पत्र असते. मदत खरोखरच अपुरी पडली तर करारातून मोकळे होता येते, ही तरतूद आहे. पण 'अपुरी' म्हणजे परवडत नाही, 'दुसरीकडे स्वस्त पडले असते' नव्हे.

---

ठाणेकर क्वीन्समध्ये (८ ऑक्टोबर)

कॉर्नेलचे कृषी महाविद्यालय न्यू यॉर्क राज्याच्या मदतीवर चालते, म्हणून तिथली फी बरीच कमी आहे. आमच्या पुतण्याला त्याचा चांगला फायदा झाला. पैशाचाच प्रश्न असेल तर तो तिथे सुटेल.

---

हिशेबी माणूस (८ ऑक्टोबर)

ठाणेकर, पुतण्या क्वीन्सचा, म्हणजे न्यू यॉर्कचा रहिवासी, म्हणून. कृषी, मानवी परिस्थितिकी आणि औद्योगिक संबंध या तिथल्या राज्यसंलग्न महाविद्यालयांतील सवलत केवळ त्या राज्यातील रहिवाशांना आहे. एडिसनचा विद्यार्थी राज्याची सीमा ओलांडून गेला की त्याला पूर्ण फी पडते. असे निम्मे खरे असलेले वाक्य ऐकून एखाद्या घरात सही होते, म्हणून लगेच लिहिले.

---

तिरकी रेघ (८ ऑक्टोबर)

यजमानांच्या हिशेबाविषयी थोडे लिहितो, कारण तोच हिशेब प्रत्येक मराठी घरात जेवणाच्या टेबलावर मांडला जातो.

ब्राउनने २०२४ साली दाखल झालेल्या तुकडीसाठी अर्ली डिसिजनला आलेल्या ६,२०० हून अधिक अर्जांतून सुमारे ९०० विद्यार्थी घेतले. म्हणजे शंभरात साधारण चौदा. त्याच वर्षी सगळ्या फेऱ्या मिळून प्रमाण होते शंभरात पाच. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणालाही वाटेल की लवकर अर्ज केल्याने संधी तिप्पट होते. परंतु त्या ९०० मध्ये कोण कोण आहे ते पाहा. खेळाच्या प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू बहुतांशी याच फेरीत येतात. ज्यांचे आईवडील तिथेच शिकले अशी मुले याच फेरीत जास्त असतात. ज्यांना पैशाची तुलना करावी लागत नाही अशी घरेही याच फेरीत येतात, आणि त्या घरांतील मुलांना उत्तम शाळा व खासगी मार्गदर्शक पूर्वीपासून मिळालेले असतात. हे सगळे बाजूला काढल्यावर एडिसनच्या एका सरकारी शाळेतील, खेळाडू नसलेल्या, आईवडील भारतात शिकलेल्या मुलीसाठी किती फायदा उरतो, ते त्या टक्केवारीतून कळत नाही. काहीतरी उरतो, एवढेच म्हणता येईल. बांधील विद्यार्थी विद्यापीठाला हवाच असतो, कारण तो नक्की येणार असतो.

कॉर्नेल तर गेली काही वर्षे निकालाच्या दिवशी आकडे जाहीरच करत नाही. पाहायचे असल्यास 'कॉमन डेटा सेट' नावाचे वार्षिक पत्रक उघडावे; त्यात सी-२१ या कलमात अर्ली डिसिजनचे अर्ज आणि निवडी दिलेल्या असतात. पण तिथेही सगळी महाविद्यालये एकत्र मोजलेली असतात. अभियांत्रिकीची चुरस आणि वनस्पतिशास्त्राची चुरस एकाच सरासरीत घालून काढलेला आकडा तुमच्या मुलीचा नाही.

ही पद्धतच मला पटत नाही, हे लपवत नाही. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६ साली लवकरची फेरी बंद करत असल्याचे जाहीर केले होते, ती पैसेवाल्यांच्या पथ्यावर पडते असे सांगून. २०११ साली दोघांनी ती पुन्हा सुरू केली, अर्थात बंधन नसलेल्या स्वरूपात. ब्राउनने २०२४ मध्ये एका समितीकडून या विषयाचा फेरविचार करवला आणि अर्ली डिसिजन चालू ठेवले. तेव्हा पद्धत आहे तशी आहे. तिच्यात उतरायचे तर उतरा, पण टक्केवारी पाहून विद्यापीठ निवडू नका.

---

पारिजात (९ ऑक्टोबर)

माझा मुलगा ब्राउनमधून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडला. शेवंतीताई, तुम्ही म्हणता ते मोकळेपण खरे आहे, आणि ते कागदावर दिसते त्याहून अवघडही आहे.

१९६९ पासून तिथे ओपन करिक्युलम आहे. सर्वांना सक्तीचे असे सामान्य विषय नाहीत. पदवीसाठी ३० अभ्यासक्रम पूर्ण करायचे, लेखनाची अट पाळायची आणि निवडलेल्या मुख्य विषयाच्या, म्हणजे तिथल्या भाषेत कॉन्सन्ट्रेशनच्या, अटी पुऱ्या करायच्या. कोणताही अभ्यासक्रम श्रेणीऐवजी केवळ 'समाधानकारक' अशा शेऱ्यावर घेता येतो. अनुत्तीर्ण झालेला अभ्यासक्रम गुणपत्रकावर उमटत नाही. सरासरी गुणांक विद्यापीठ काढतच नाही. माझ्या मुलाने अर्थशास्त्र करता करता शिल्पकलेचा एक आणि इजिप्तच्या प्राचीन लिपीचा एक असे अभ्यासक्रम घेतले. आपल्याकडच्या अकरावीला 'शाखा' निवडून जन्मभर त्या शाखेला लटकणाऱ्या माझ्या पिढीला हे पाहून हेवा वाटला.

पण पहिल्या वर्षी त्याची दैना झाली, हेही लिहिलेच पाहिजे. कोणी काही सक्तीचे सांगत नाही याचा अर्थ कोणी काही सांगत नाही असा त्याने घेतला. सल्लागार असतात, पण त्यांच्या दाराशी आपण जायचे असते. ज्या मुलांना न विचारता पुढे होऊन बोलण्याची सवय आहे ती तिथे फुलतात. 'तुम्हीच सांगा' म्हणणाऱ्या मुलांना थोडा वेळ लागतो. हे टोमणा म्हणून घेऊ नका. माझा मुलगाही तसाच होता.

एक व्यावहारिक बाब. ब्राउनच्या आर्थिक मदतीत २०१८ पासून विद्यापीठ कर्जाचा समावेश करत नाही. कॉर्नेलच्या मदतीत कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे काही भाग कर्जाचा असू शकतो. हिशेबी माणूस यांनी सांगितलेल्या कॅल्क्युलेटरमध्ये ती ओळ वेगळी पाहा, नाहीतर दोन आकडे सारखे दिसतील आणि त्यातला एक चार वर्षांनी मुलीला फेडावा लागेल.

---

शेवंती (१० ऑक्टोबर)

सर्वांचे आभार. कॅल्क्युलेटर काल भरले. पुण्याचा फ्लॅट आमचाही आहे आणि तो आम्हीही विसरलो होतो. दोन्ही आकडे पोटात गोळा आणणारे आहेत, पण परवडणार नाहीत असे नाहीत. धाकट्याला कॉलेजला अजून सहा वर्षे आहेत. तेव्हा अर्ली डिसिजन करायचे हे आता ठरले. पारिजातताई, 'तुम्हीच सांगा' विषयी तुम्ही लिहिलेले वाक्य मी दोनदा वाचले.

कॉर्नेलविषयी मात्र अजून कोणी आतून लिहिलेले नाही. अर्ज करतानाच महाविद्यालय निवडावे लागते, हीच माझी अडचण आहे. वनस्पती म्हणावे तर कृषी, भाषा म्हणावी तर कला आणि विज्ञान. चुकीचे दार ठोठावले तर?

---

कायुगाकाठ (११ ऑक्टोबर)

मी इथाकाला, म्हणजे कॉर्नेलच्या गावी, पदवीसाठी नव्हतो, वनस्पती पैदाशीत पीएच.डी. करायला होतो, पण पाच वर्षांत पदवीच्या मुलांचे प्रात्यक्षिकांचे वर्ग घेतले, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार पाहिल्या आहेत.

पहिल्यांदा दाराविषयी. अर्ज एकाच महाविद्यालयाला करायचा असतो हे बरोबर. पण त्या महाविद्यालयात गेल्यावर इतर महाविद्यालयांचे वर्ग बंद होत नाहीत. एज्रा कॉर्नेलचे वचनच होते की कोणाही व्यक्तीला कोणताही विषय शिकता येईल अशी संस्था मी काढीन, आणि १८६८ सालच्या त्या वचनाचा अभिमान तिथे भिंतीभिंतीवर दिसतो. माझ्या वर्गात कृषी महाविद्यालयातली एक मुलगी होती जी मातीच्या रसायनाबरोबर संस्कृत शिकत होती. भाषाशास्त्राचा विभाग कला आणि विज्ञान महाविद्यालयात आहे, चांगला आहे, आणि संस्कृत, नेपाळी, सिंहली या भाषाही तिथे शिकवल्या जातात. म्हणून कृषी महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र मुख्य विषय घेऊन भाषाशास्त्राचे वर्ग करणे सहज शक्य आहे. उलटे मात्र तितके सोपे नाही, कारण शेतावरची आणि हरितगृहातली कामे, उन्हाळ्यातले संशोधन, प्राध्यापकांची ओळख, हे सगळे कृषीच्या अंगणात घडते. पुढे महाविद्यालय बदलण्याची सोयही आहे, पण ती अर्ज करूनच मिळते. तिच्या भरवशावर दार निवडू नये.

आता मूळ मुद्दा. ब्राउनमध्ये जीवशास्त्र उत्तम आहे आणि वनस्पतींवर काम करणारे प्राध्यापकही आहेत. पण वनस्पती पैदास ही वेगळीच गोष्ट आहे. तिला जमीन लागते, हंगाम लागतो, वीस वर्षे एकाच पिकाच्या मागे लागलेली माणसे लागतात. कॉर्नेलचे संशोधन केंद्र जिनिव्हा या गावी, इथाकापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथून १९१५ साली कोर्टलँड आणि १९६६ साली एम्पायर ही सफरचंदाची वाणे बाहेर आली आणि आजही तुमच्या एडिसनच्या बाजारात ती मिळतात. बार्बरा मॅक्लिन्टॉक पदवीपासून पीएच.डी.पर्यंत कॉर्नेलमध्येच शिकल्या आणि मक्याच्या गुणसूत्रांवरचे त्यांचे काम तिथेच सुरू झाले. १९८३ चे नोबेल त्यांना मिळाले ते मक्यातील जागा बदलणाऱ्या जनुकांसाठी.

जालन्याचे नाव वाचून आणखी एक आठवले. बीटी वांग्याचे जनुकीय वाण जालन्याच्याच महिको कंपनीचे, आणि ते भारत, बांगलादेश व फिलिपिन्समधील सार्वजनिक संस्थांपर्यंत नेणारा प्रकल्प कॉर्नेलच्या नेतृत्वाखाली चालला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी जनसुनावण्यांनंतर भारतात त्याला स्थगिती दिली आणि २०१३ मध्ये बांगलादेशाने त्याला परवानगी दिली. या निर्णयांविषयी मते तीव्र आहेत आणि तो वाद या धाग्यावर नको. मुद्दा इतकाच की आजोबांच्या बांधावर बसून ऐकलेल्या गोष्टींची दुसरी बाजू ज्या इमारतींत लिहिली गेली त्यातल्या काही इथाकाला आहेत. मुलीने हे वाचून पाहावे. तिला राग आला तरी चालेल, उत्सुकता वाटली तरी चालेल. काहीच वाटले नाही तर ब्राउनला अर्ज करावा.

वाईट बाजूही सांगतो. हिवाळा लांबतो, आणि ढगाळ दिवस बर्फापेक्षा जास्त खातात. इथाकाला प्रवासी रेल्वे नाही. एडिसनहून गाडीने चार तास, नाहीतर न्यू यॉर्कहून बस. ब्राउनच्या गावी, प्रॉव्हिडन्सला, तुमच्या मेट्रोपार्क स्थानकावरून थेट रेल्वेगाडी आहे. पदवीचे विद्यार्थी ब्राउनला सात हजारांच्या आसपास आणि कॉर्नेलला सोळा हजारांच्या आसपास. पहिल्या वर्षाचे काही वर्ग इतके मोठे असतात की मागच्या रांगेतून फळ्यावरचे दिसत नाही. अभ्यासाचा ताण कमी नाही, आणि गुणपत्रकात सगळे उमटते.

---

बाणेरवाली (१२ ऑक्टोबर)

आम्ही पुण्यातून अर्ज करत आहोत, त्यामुळे आमचा तराजू थोडा वेगळा आहे. इथे आणखी कोणी असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

मदत मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत या दोन विद्यापीठांत मोठा फरक आहे. २०२५ साली दाखल झालेल्या तुकडीपासून ब्राउन परदेशी विद्यार्थ्यांनाही त्यांची आर्थिक गरज न पाहता निवडते. कॉर्नेल परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली आहे की नाही हे निवडताना विचारात घेते. त्याच वेळी भारतात शिकलेल्या भारतीय नागरिकांसाठी कॉर्नेलमध्ये टाटा शिष्यवृत्ती आहे, जी २००८ सालच्या टाटा न्यासाच्या देणगीतून सुरू झाली. रतन टाटा स्वतः कॉर्नेलमध्ये वास्तुकला शिकले होते. शिष्यवृत्ती मोजक्याच मुलांना मिळते, त्यामुळे तिच्यावर हिशेब मांडता येत नाही. आम्ही ब्राउनला अर्ली डिसिजन करत आहोत.

कॉमन ॲप या अनेक विद्यापीठांच्या सामाईक ऑनलाइन अर्जावरच्या अर्ली डिसिजनच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. आमच्या शाळेत असा समुपदेशक नाही, म्हणून मुख्याध्यापकांना विनंती केली. त्यांनी तीन वेळा विचारले की उद्या मुलाने आयआयटीला जायचे ठरवले तर शाळेवर बालंट येईल का. जेईईची शिकवणी चालूच आहे आणि ती डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालूच राहील. घरात दोन कॅलेंडरे आहेत. दोन्हींकडे एकाच वेळी पाहायचे नाही, असा आमच्यात अलिखित करार झाला आहे.

---

तिरकी रेघ (१२ ऑक्टोबर)

बाणेरवाली, तुमच्या घरच्या कराराचे अटीपत्र माझ्याही मुलांना द्यायला हवे होते.

शेवंतीताई, एक सुचवतो. मुलीला 'कुठे जायचे' असे विचारू नका. दोन्ही विद्यापीठांचे अभ्यासक्रमांचे चालू वर्षाचे पत्रक सर्वांना खुले आहे. तिला दोन कोरे कागद द्या आणि दोन्हीकडच्या पहिल्या दोन वर्षांचे वेळापत्रक स्वतः बांधायला सांगा. खऱ्या अभ्यासक्रमांची नावे लिहून, वेळा जुळवून, पूर्वअटी तपासून. माहितीपत्रकातली छायाचित्रे सगळीकडे सारखीच असतात, शरद ऋतूतल्या झाडाखाली चार मुले हसत बसलेली. बुधवारी सकाळी दहा वाजता आपण कुठे बसलेलो असू, हे मात्र त्या कागदावर कळते.

---

पारिजात (१३ ऑक्टोबर)

याला जोडून: दोन्हीकडचे निबंध लिहून पाहू द्या, पाठवायचे एकच असले तरी. ब्राउन ओपन करिक्युलमचा उपयोग कसा कराल असे विचारते, कॉर्नेल निवडलेल्या महाविद्यालयाविषयी विचारते. एक निबंध आपोआप पुढे सरकतो आणि दुसऱ्यात मूल विद्यापीठाचीच स्तुती त्यांना परत ऐकवत बसते. आईला ते दुसऱ्या परिच्छेदापर्यंत कळते. प्रवेश समितीला त्याआधीच कळत असावे.

शिवाय परीक्षेचे गुण विसरू नका. दोन्ही ठिकाणी आता एसएटी किंवा एसीटी पुन्हा अनिवार्य आहे.

---

हिशेबी माणूस (१३ ऑक्टोबर)

आणि रटगर्स, आपल्या न्यू जर्सीचे सरकारी विद्यापीठ. अर्ली डिसिजन कुठेही करा, पण रटगर्सचा लवकरचा, बंधन नसलेला अर्ज १ नोव्हेंबरलाच भरून टाका. तुम्ही राज्यातले रहिवासी, घरापासून वीस मिनिटांवर, आणि त्यांच्याकडे पर्यावरण व जीवशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय आहे ज्याच्या आवारात खरी शेती आहे. आपल्या लोकांना रटगर्सचे नाव घेताना आवाज का खाली आणावासा वाटतो, हे मला कधी समजले नाही. अर्ली डिसिजनबरोबर दुसरे कोणते लवकरचे अर्ज चालतात हे मात्र ज्या विद्यापीठाशी करार कराल त्याच्या पानावर वाचून घ्या. शब्दरचना प्रत्येकाची वेगळी असते.

---

शेवंती (२६ ऑक्टोबर)

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. मधले दोन आठवडे घरात कागदांचा पसारा होता.

वेळापत्रकांचा प्रयोग केला. ब्राउनचा कागद तिने एका संध्याकाळी भरला. फार सुंदर दिसत होता; भाषाशास्त्र, जीवशास्त्र, एक कवितेचा वर्ग, एक खगोलशास्त्राचा. मला वाटले, झाले, ठरले. कॉर्नेलच्या कागदाला मात्र चार दिवस लागले. पूर्वअटी जुळेनात, दोन प्रात्यक्षिके एकाच दुपारी येऊ लागली, रसायनशास्त्र आधी घ्यावे लागणार म्हणून भाषाशास्त्र दुसऱ्या सत्रात ढकलावे लागले. ती चिडली, खोडले, पुन्हा लिहिले. तिसऱ्या रात्री साडेअकराला मी तिच्या खोलीत डोकावले तर ती वेळापत्रक सोडून बीटी वांग्याच्या जनसुनावण्यांविषयी वाचत बसली होती आणि तिच्या वहीत 'वाण', 'बियाणे', 'बेणे' हे तीन शब्द तीन रकान्यांत लिहिलेले होते. आजोबा कोणता शब्द कधी वापरतात, हे ती आठवून आठवून भरत होती.

निबंधांचेही तसेच झाले. ब्राउनचा निबंध चांगला होता, पण तो कोणत्याही हुशार मुलीने लिहिला असता. कॉर्नेलच्या निबंधात ती एके ठिकाणी माझ्या वडिलांशी भांडते. दर वर्षी बियाण्याचे पाकीट विकत घ्यायचे, तर मग तुम्ही शेतकरी की गिऱ्हाईक, असे तिने त्यांना गेल्या खेपेस विचारले होते आणि ते उठून बागेत निघून गेले होते. हे मला माहीतच नव्हते.

अर्ज कॉर्नेलच्या कृषी महाविद्यालयाला, वनस्पतिशास्त्रासाठी जाईल. 'तुम्हीच सांगा' हे वाक्य शेवटचे कधी ऐकले ते आठवत नाही. यजमान खूश आहेत, त्यांचे कारण चुकीचे होते तरी. मी स्वतः पूर्ण निश्चिंत नाही. ब्राउनचा तो पहिला कागद मी टाकून दिलेला नाही, टेबलाच्या खणात आहे.

---

कायुगाकाठ (२६ ऑक्टोबर)

तो भांडणाचा परिच्छेद कोणीही, अगदी शाळेतल्या शिक्षकांनीही, गुळगुळीत करता कामा नये. एवढी विनंती.

---

बाणेरवाली (२७ ऑक्टोबर)

शुभेच्छा. आमचाही काल गेला. मुख्याध्यापकांनी सही केली, तारीख घालायला विसरले, पुन्हा बोलावले, असे दोन दिवस गेले. निकाल भारतीय वेळेप्रमाणे पहाटे कधीतरी लागेल आणि सकाळी नऊला शिकवणी आहे.

---

शेवंती (३० ऑक्टोबर)

अर्ज आज संध्याकाळी पाठवला. रटगर्सचा कालच भरला, आवाज खाली न आणता.

सही करण्यापूर्वी तिने कराराचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला आणि मग जालन्याला फोन लावला. तिकडे पहाट होती, पण वडील त्या वेळी उठलेलेच असतात. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, तिकडं कापूस होतो का? ती म्हणाली, नाही आबा, फार थंडी असते, सफरचंद होते. थोडा वेळ फोनवर काहीच ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, येताना बेणं आणशील का एखादं, आपल्याकडं धरतंय का बघू.

जालन्यात सफरचंद धरणार नाही, हे तिने त्यांना सांगितले नाही. कस्टम्समध्ये काय होईल, हेही नाही. निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो; तोवर रेग्युलर फेरीच्या सहा निबंधांचे काम पडून आहे आणि ती आता त्याच्या मागे लागली आहे.